ठोकळ्यांची माणसे आणि चोवीस तास

टेबलावर प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांनी बांधलेला एक लहानसा रस्ता आहे. रस्त्याच्या कडेला दिव्याचा खांब असून खांबाजवळ चार सेंटिमीटर उंचीचा, खेळण्यातील एक माणूस उभा आहे. समोर स्टँडवर कॅमेरा घट्ट बसविलेला आहे. कॅमेऱ्याचे बटण दाबले जाते आणि एक छायाचित्र निघते. मग कोणाचा तरी हात पुढे येतो, त्या माणसाचा उजवा पाय किंचित उचलतो आणि मागे सरतो. पुन्हा बटण, पुन्हा एक छायाचित्र. हाच क्रम शेकडो वेळा चालतो. शेवटी ही सारी छायाचित्रे एकामागून एक जलद गतीने दाखविली म्हणजे तो माणूस कोणाच्याही मदतीवाचून रस्त्याने चालत जाताना दिसतो.

चित्रपट तयार करण्याच्या या पद्धतीस ‘स्टॉप मोशन’ म्हणतात, आणि खेळण्यातील ठोकळे वापरून केलेल्या अशा चित्रपटांना ‘ब्रिकफिल्म’ हे नाव रूढ झाले आहे. असे चित्रपट करणारी हौशी मंडळी निरनिराळ्या देशांत विखुरलेली आहेत. त्यांच्या ‘ब्रिक्स इन मोशन’ या समुदायातर्फे एक स्पर्धा भरत आली आहे. तिचे नाव ‘ट्वेंटी-फोर अवर ॲनिमेशन कॉन्टेस्ट’. नावाप्रमाणेच, तीत भाग घेणाऱ्याने संपूर्ण चित्रपट चोवीस तासांत पुरा करावयाचा असतो. कथा, देखावे, छायाचित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही सारी कामे त्याच मुदतीत बसवावी लागतात.

प्रथमदर्शनी चोवीस तास पुष्कळ वाटतात. परंतु चित्रपटाचा एक सेकंद म्हणजे किती काम, हे एकदा ध्यानात आले की हा समज पार बदलतो. म्हणून स्पर्धेकडे वळण्यापूर्वी निश्चल चित्रांतून चलन कसे निर्माण होते ते पाहणे इष्ट ठरेल.

चलनाचा भास

डोळ्यासमोरून नाहीशी झालेली प्रतिमा क्षणभर डोळ्यांत टिकून राहते, आणि त्यामुळेच चित्रपटातील चित्रे हलताना दिसतात, असे स्पष्टीकरण पुष्कळ काळ दिले जात होते. ते अपुरे आहे. केवळ प्रतिमा टिकून राहत असत्या, तर एकीवर दुसरी साचून चित्र अस्पष्ट झाले असते. माणूस चालताना दिसला नसता.

माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे केलेले प्रयोग १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्याने दोन रेषा थोड्या अंतरावर एकामागून एक दाखविल्या. दोहोंमधील काळ फार अल्प असता दोन्ही रेषा एकदमच दिसत. काळ फार दीर्घ असता एक नाहीशी होऊन दुसरी आल्याचे दिसे. परंतु हा काळ सुमारे ६० सहस्रांश सेकंद ठेवला असता पाहणाऱ्याला एकच रेषा एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकताना दिसे. प्रत्यक्षात काहीच सरकलेले नसे. दोन स्थानांमधील चलन पाहणाऱ्याचा मेंदू स्वतःच रचत होता.

ब्रिकफिल्म करणारे पुष्कळ जण सेकंदास पंधरा छायाचित्रे ही गती पसंत करतात. या गतीने प्रत्येक छायाचित्र सुमारे ६७ सहस्रांश सेकंद पडद्यावर राहते. वेर्टहायमरच्या आकड्याच्या हे जवळ आहे. चित्रपटगृहातील चित्रपट सेकंदास चोवीस चित्रांनी चालतो, आणि तेथील चलन अधिक गुळगुळीत दिसते हे खरे. परंतु चोवीस चित्रांसाठी चोवीस वेळा हात लावावा लागतो. हौशी माणसाला पंधरांवर, आणि वेळ फारच थोडा असल्यास बारांवरही काम भागविता येते.

याचा हिशेब सोपा आहे. सेकंदास पंधरा या प्रमाणाने एका मिनिटाच्या चित्रपटास नऊशे छायाचित्रे लागतात.

ठोकळा हेच मोजमाप

या कामासाठी ठोकळेच इतके लोकप्रिय का झाले, याचे उत्तर त्यांच्या रचनेत आहे. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्तियान्सेन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. पुढे ‘लेगो’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या त्याच्या कारखान्याने १९४९ साली प्लॅस्टिकचे ठोकळे काढले. आरंभीचे ठोकळे आतून पोकळ असल्याने एकमेकांस घट्ट धरून राहत नसत. ठोकळ्याच्या पोटात नळ्या बसवून ही उणीव दूर करण्यात आली आणि या रचनेच्या पेटंटसाठी २८ जानेवारी १९५८ रोजी अर्ज करण्यात आला. त्या वर्षीच्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. हातपाय हलविता येणारी, आज सर्वत्र दिसणारी लहान माणसे १९७८ साली आली.

ठोकळ्याच्या वरच्या अंगास ज्या गोल खुंट्या असतात, त्यांच्या केंद्रांमधील अंतर ठीक ८ मिलिमीटर असते. खुंटी सोडून ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर असते. त्यामुळे ठोकळ्यांची जमीन ही आपोआप आलेखाच्या कागदाचे काम करते. माणूस किती पुढे सरकला हे खुंट्या मोजून सांगता येते. शिवाय हाताने दिलेली स्थिती ही माणसे तशीच धरून ठेवतात. मातीच्या बाहुल्या दिव्याच्या उष्णतेने मऊ पडतात व त्यांवर बोटांचे ठसे उमटतात. कठीण प्लॅस्टिकला तो दोष नाही.

मर्यादाही आहेत. या माणसाला गुडघा नाही आणि कोपरही नाही. मान, दोन खांदे, दोन मनगटे आणि दोन पाय असे केवळ सात ठिकाणी तो हलतो. दुःख, आश्चर्य, भीती हे सारे या सात सांध्यांतूनच व्यक्त करावयाचे असते. मान एका बाजूस किंचित वळवून क्षणभर थांबली, तर माणूस विचारात पडल्यासारखा दिसतो. थांबणे हाही अभिनय होय, हे हौशी चित्रपटकार लवकरच शिकतो.

पूर्वीचे प्रयत्न

अशा ठोकळ्यांचा ज्ञात असलेला सर्वांत जुना चित्रपट डेन्मार्कमध्येच झाला. लार्स हॅसिंग व हेन्रिक हॅसिंग या दोघांनी १९७३ साली ‘चंद्राकडे प्रवास’ अशा अर्थाच्या नावाचा, सुमारे सहा मिनिटांचा चित्रपट ‘सुपर-८’ या घरगुती वापराच्या फिल्मवर घेतला. पुढे ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे लिंडसे फ्ले याने १६ मिलिमीटर फिल्मवर ‘द मॅजिक पोर्टल’ हा चित्रपट केला. १९८५ साली सुरू झालेले ते काम १९८९ साली पुरे झाले.

त्या काळची अडचण आज सहजासहजी कल्पनेत येणार नाही. सुपर-८ फिल्मच्या एका डबीत सुमारे ३६०० चित्रे मावत आणि सेकंदास अठरा या गतीने ती तीन मिनिटे वीस सेकंदांत संपून जात. डबी धुण्यासाठी प्रयोगशाळेत पाठवावी लागे, आणि ती परत येईपर्यंत पाय नीट पडले की नाही हे कळण्यास मार्ग नसे. आज साध्या मोबाइल फोनवरील ॲपमध्ये आधीचे छायाचित्र फिकट स्वरूपात नव्या चित्रावर पसरलेले दिसते. त्यावरून वस्तू किती हलविली हे तत्काळ समजते. साधन सोपे झाले. मात्र माणसाला हलविण्याचे काम आजही हातानेच, एकेका चित्रासाठी करावे लागते.

चोवीस तासांचा हिशेब

स्पर्धा सुरू होताना एक विषय जाहीर केला जातो. त्याबरोबरच चित्रपटात आलाच पाहिजे असा एखादा ठरावीक घटकही सांगितला जातो. या दुसऱ्या नियमामागील हेतू उघड आहे. कोणी आठवडाभर आधीच चित्रपट तयार करून ठेवला, तर त्यात हा घटक असणार नाही. स्पर्धक आपापल्या घरी बसून काम करतात. त्यांच्यावर देखरेख ठेवणारा कोणी नसतो. चित्रपटच स्वतःच्या प्रामाणिकपणाचा साक्षी होतो.

आता समजा, एखाद्या विद्यार्थिनीने या स्पर्धेत उतरावयाचे ठरविले. चोवीस तासांत एक रात्र येतेच. निद्रेस सहा तास व भोजनादी गोष्टींस दोन तास दिल्यावर सोळा उरतात. कथेस दोन, देखावा बांधण्यास दोन, ध्वनिमुद्रणास एक, संकलनास तीन आणि चित्रपट पाठविताना येणाऱ्या अडचणींसाठी राखून ठेवलेला एक, असे नऊ तास वजा केले म्हणजे छायाचित्रणास सात तास मिळतात. सात तास म्हणजे ४२० मिनिटे. मिनिटास एक छायाचित्र निघाले, तर ४२० छायाचित्रे होतात. सेकंदास पंधरा या गतीने तो अवघ्या २८ सेकंदांचा चित्रपट होईल. सरावलेला हात मिनिटास दोन छायाचित्रे घेईल, तरीही चित्रपट एका मिनिटास पोहोचत नाही.

नवशिके स्पर्धक येथेच फसतात. त्यांच्या मनात आकाशयानांचे युद्ध असते आणि हातात २८ सेकंद असतात. मुदतीत पुरा न झालेला चित्रपट कितीही भव्य असला, तरी स्पर्धेपुरता तो नसल्यातच जमा होतो. म्हणून कथा कागदावर असतानाच तिचा प्रत्येक प्रसंग छायाचित्रांच्या संख्येत मोजावा लागतो.

पावलाचे गणित

मोजावयाचे कसे, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ठोकळ्यांचा माणूस ४ सेंटिमीटर उंच आहे. तो १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे प्रतिरूप आहे असे मानले, तर टेबलावरचे जग खऱ्या जगाच्या चाळिसाव्या भागाइतके ठरते. खरा माणूस सहज चालताना सेकंदास सुमारे १.२ मीटर अंतर कापतो. त्याचा चाळिसावा भाग ३ सेंटिमीटर. हे ३ सेंटिमीटर पंधरा छायाचित्रांत विभागले म्हणजे प्रत्येक छायाचित्रासाठी माणूस २ मिलिमीटर सरकावा लागतो. दोन खुंट्यांमधील अंतर ८ मिलिमीटर. म्हणजे चार छायाचित्रांत एक खुंटी. हौशी चित्रपटकारांना हे प्रमाण अनुभवाने ठाऊक असते. त्यामागील कारण वरील भागाकारात सापडते.

टेबलावरचा २४ सेंटिमीटरचा रस्ता या गतीने पार करावयास आठ सेकंद, म्हणजे १२० छायाचित्रे लागतील. मिनिटास एक या हिशेबाने केवळ चालण्यात दोन तास गेले! हुशार विद्यार्थिनी माणसाची पहिली चार पावले दाखवील आणि लगेच दाराच्या कडीवरील त्याचा हात जवळून दाखवील. मधला रस्ता तो चालून गेला, हे प्रेक्षक आपण होऊनच समजून घेतो.

वस्तू पडताना दाखविणे त्याहून मनोरंजक आहे. माणूस १० सेंटिमीटर उंचीच्या भिंतीवरून पडतो असा प्रसंग घेऊ. प्रत्यक्ष खेळणे तेवढ्या उंचीवरून सोडल्यास ते एका सेकंदाच्या सुमारे सातव्या भागात खाली येते. म्हणजे चित्रपटात जेमतेम दोन छायाचित्रे. ते पाहून प्रेक्षकाला माणूस पडल्याचे वाटत नाही, खेळणे पडल्याचेच वाटते. कारण प्रेक्षकाच्या दृष्टीने ती भिंत चार मीटर उंच आहे, आणि चार मीटरवरून पडण्यास सुमारे ०.९ सेकंद लागतो. तेव्हा हे पडणे तेरा-चौदा छायाचित्रांत विभागले पाहिजे.

परंतु ते समान भागांत विभागून चालणार नाही. पडणारी वस्तू उत्तरोत्तर वेगवान होत जाते आणि तिने कापलेले अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा गॅलिलिओने शोधलेला नियम शाळेत शिकविला जातो. त्यानुसार पहिल्या छायाचित्रात आपला माणूस सुमारे अर्धा मिलिमीटर, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ५ आणि चौथ्यात ९ मिलिमीटर खाली आलेला असावा. दहाव्या छायाचित्रापर्यंत तो साडेपाच सेंटिमीटर उतरतो. हे आकडे कागदावर लिहून भिंतीमागे एक मोजपट्टी उभी केली, की काम सोपे होते. माणूस हवेत धरून ठेवण्यासाठी पाठीमागे ठोकळ्यांचा आधार द्यावा. त्याच जागेचे माणूस व आधार नसलेले एक छायाचित्र आधी घेऊन ठेवल्यास संकलनात आधार पुसून टाकता येतो.

प्रकाश आणि कंप

छायाचित्रण चालू असता दोन शत्रू सदैव जवळ असतात: बदलता प्रकाश आणि हलता कॅमेरा.

खिडकीतून येणारे ऊन सर्वांत फसवे. सात तासांत सूर्य आकाशाचा मोठा भाग ओलांडतो, आणि चित्रपटात त्याच्या सावल्या काही सेकंदांत धावत सुटतात. म्हणून पडदे ओढून दिव्याच्या प्रकाशात काम करावे. दिव्यातही एक दोष संभवतो. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तने करते, आणि अनेक दिव्यांचा प्रकाश त्यामुळे सेकंदास १०० वेळा कमीअधिक होतो. कॅमेऱ्याचा झडपकाल फार अल्प ठेवल्यास एक चित्र उजळ तर दुसरे मंद येते आणि पडद्यावर लुकलुक दिसते. एक दशांश सेकंदाचा झडपकाल ठेवला, तर प्रत्येक चित्रात अशी दहा पूर्ण आंदोलने सामावतात व सरासरी सारखी राहते. विषय निश्चल असल्याने एवढा दीर्घ काळ ठेवण्यास काही बाध येत नाही. कॅमेरा स्वतः होऊन प्रकाश व रंग जुळवीत असेल, तर ती सोय बंद करावी. काम करणाऱ्याने गडद कपडे घालावे व प्रत्येक वेळी एकाच जागी उभे राहावे. चकचकीत ठोकळ्यांत पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंबही उमटते.

कंपाचे गणित अधिक कठोर आहे. कॅमेऱ्याच्या चौकटीत २४ सेंटिमीटर रुंदीचा देखावा मावत असेल, आणि तोच एक मीटर रुंद पडद्यावर दाखविला, तर टेबलावरील एक मिलिमीटर पडद्यावर चार मिलिमीटरांहून मोठा होतो. टेबलाच्या पायाला लागलेली किरकोळ ठोकरही सर्वांना दिसते. त्यासाठी पायाची पाटी टेबलाला चिकटवावी, स्टँडचे पाय पक्के करावे आणि बटणास हात न लावता दुरून छायाचित्र घेण्याची सोय असल्यास ती वापरावी.

सतरावा तास

एवढी काळजी घेऊनही धक्का लागतो. बहुधा तो रात्री उशिरा, हात थकलेले असताना लागतो. समजा, सतराव्या तासास, २६० छायाचित्रे झाल्यावर कॅमेरा हलला. देखावा पूर्वीच्या चौकटीत पुन्हा तंतोतंत बसविणे जवळजवळ अशक्य असते. तेथून पुढे तीन मार्ग उरतात.

पहिला मार्ग, तो प्रसंग आरंभापासून पुन्हा घेणे. प्रसंगाची छायाचित्रे वीस असतील तर हे योग्य, शंभर असतील तर घातक. दुसरा मार्ग, धक्का लागला तेथेच प्रसंग तोडून कॅमेरा मुद्दाम दुसऱ्या बाजूस नेणे. दृश्यकोन पुरता बदलला की प्रेक्षकास खंड जाणवत नाही. तिसरा मार्ग, कथेतच भूकंप घडविणे! हा उपाय विनोदी वाटला तरी हौशी चित्रपटकारांना तो अपरिचित नाही. कोणता मार्ग घ्यावा, हे भावनेने ठरविण्याऐवजी उरलेल्या मिनिटांना उरलेल्या छायाचित्रांनी भागून ठरविणे श्रेयस्कर. ज्या विद्यार्थिनीने आरंभी हिशेब मांडलेला असतो, तिला हा भागाकार मध्यरात्रीही करता येतो.

स्पर्धेचे खरे शिक्षण या घटकेला घडते. एखादा प्रसंग गाळावा लागतो, एखादे संभाषण निश्चल चेहऱ्यांवर ऐकवून निभवावे लागते. बोलणे ऐकत असलेला माणूस एक सेकंदभर न हलता उभा राहिला, तर तेथे पंधरांच्या जागी एकच छायाचित्र पुरते. अशा रीतीने वाचलेली मिनिटे शेवटच्या प्रसंगास मिळतात, आणि चित्रपट पुरा होतो.

वाटाण्याच्या वेलापासून

एकेक चित्र थांबूनथांबून घेण्याची ही रीत भारतास नवी नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली इंग्लंडहून परतले, तेव्हा चित्रपटासाठी पैसा लावण्यास कोणी तयार नव्हते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ त्याची चित्रे घेतली. बी रुजून, कोंब फुटून त्याचा वेल होतो, हे सारे एका मिनिटाहून किंचित मोठ्या अशा ‘अंकुराची वाढ’ या लघुपटात लोकांनी पाहिले. तो पाहिल्यावर कर्ज देणारे पुढे आले. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. पुढे फाळक्यांनी काड्यापेटीतील काड्यांना पडद्यावर नाचविणारा ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपटही केला.

अंकुराच्या त्या लघुपटात कुंडी एक होती व वेल एक होता. लहान असला तरी तो पुरा झालेला होता, म्हणूनच तो दाखविता आला.

शाळांना व ग्रंथालयांना अशी स्पर्धा आपल्या पातळीवर सहज भरविता येईल. त्यासाठी महागडे ठोकळे असलेच पाहिजेत असे नाही. घरोघरी पडून असलेले निरनिराळे ठोकळे एकत्र करावे, ते अपुरे पडल्यास काड्यापेट्या घ्याव्या. सेकंदास बारा या गतीने अर्ध्या मिनिटाच्या चित्रपटास ३६० छायाचित्रे लागतात. पाच विद्यार्थ्यांच्या गटात एकाने माणूस हलवावा, एकाने बटण दाबावे, एकाने आकडे लिहावे, एकाने ध्वनी सांभाळावा आणि एकाने घड्याळाकडे पाहावे. विषय सकाळी जाहीर करावा आणि त्याबरोबर एक ठरावीक वस्तूही सांगावी. संध्याकाळी, दिवे मालवून, पुरे झालेले सारे चित्रपट सर्वांनी मिळून पाहावे.